हातखंब्याला येऊन ऐक

दिन्या, तुझ्या मताची वाट बघतायत सगळे. तू जाऊन महिना होऊन गेला हे त्यांना ठाऊक आहे. जोडलेल्या हातांची आणि फुलांची चित्रं त्यांनीच टाकली होती आपल्या गाण्यांच्या ग्रुपवर. तरी नवा अल्बम आल्यापासून रोज कुणीतरी लिहितंच, 'दिनेशदा असते तर काय म्हणाले असते?' मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. 'मास्तर, त्यांच्या वतीनं तुम्हीच लिहा. त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?' मी तुझ्याशी अकरा महिने बोललो नव्हतो, हे एकाच्याही लक्षात नाही. भांडण त्यांच्यासमोर झालं, त्याच ग्रुपवर झालं, हसरे चेहरे टाकून त्यांनी मजा घेतली आणि विसरून गेले. असली ही आपली रसिक मंडळी.

त्यांची मतं आधी तुला ऐकवतो, कारण तू वरून बघतोयस वगैरे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. राजापूरच्या निनादनं लिहिलंय, 'हा अल्बम म्हणजे एका अंतराळयात्रीच्या आत्म्याचा ब्रह्मांडाशी चाललेला संवाद आहे.' अठ्ठावीस वर्षं मी नववी-दहावीचे मराठीचे पेपर तपासले. कल्पनाविस्ताराच्या प्रश्नात ज्याला काही सुचत नाही तो आत्म्याकडे वळतो आणि जो अगदीच अडतो तो ब्रह्मांडाकडे जातो. निनाद दोन्हीकडे गेला. आपले दाताचे डॉक्टर पाध्ये, त्यांनी सहा ओळींत चार वेळा 'गूढ' हा शब्द वापरलाय आणि शेवटी 'सत्तरच्या दशकाची ती ऊब' आठवून गहिवर काढलाय. पाध्ये सत्तरच्या दशकात जन्मालाही आले नव्हते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या गाडीत गझलांशिवाय दुसरं काही वाजत नसे. गुहागरच्या एकानं नुसतं 'कडक' असं लिहिलंय. त्यातल्या त्यात तोच प्रामाणिक म्हणायचा.

आणि ज्यांच्याविषयी हे चाललंय ती बँडमधली पोरं तरी कोण? पंचविशीतली चौघं, कुठल्याशा थंड देशातली. आजोबांच्या काळातले सिंथेसायझर भंगारातून उचलायचे, नव्या स्टुडिओत बसून जुनी खरखर मुद्दाम घालायची, मुखपृष्ठावर हातानं रंगवलेला चंद्र काढायचा. नवी जीन्स दगडावर घासून विकतात, तसला प्रकार. त्यात अल्बम आधी फक्त जुन्या रेकॉर्डसारख्या तबकडीवर मिळणार, ऑनलाइन तीन आठवड्यांनी. का, तर म्हणे वाट बघण्यातली मजा परत यावी. आपल्याला वाट बघण्यातली मजा शिकवतायत ही पोरं.

आपण काय वाट बघितली होती ते त्यांना कुठून कळणार? कॉलेजात असताना तुझ्या जहाजावरच्या मामानं ती कॅसेट आणून दिली, तिच्यावर बँडचं नाव नव्हतं, गाण्यांची नावं नव्हती. पहिली बाजू पूर्ण ऐकलीस. मग म्हणालास, 'परत लाव.' कुणी वाजवलंय ते आपल्याला चार वर्षांनी कळलं. चार वर्षं आपण ते नुसतं ऐकत होतो, कारण मत द्यायचं तर कुणाविषयी द्यायचं तेच माहीत नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं ऐकणं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तुला चांगलं काही सांगायची मला सवय नव्हती.

ग्रुप तू काढलास. नियमही तूच केलास, तो एकच नियम: एकट्यानं ऐकून मत लिहायचं नाही. कुणाच्या तरी सोबत बसून ऐकायचं आणि मग लिहायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी हातखंब्याला तुझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात जमायचं. पंपाच्या जळलेल्या मोटारी भिंतीला सारून तू जागा करायचास, तांब्याच्या तारेच्या रिळांवर फळ्या टाकून बाकं व्हायची, सुनीता वहिनी घावणे करायच्या. निम्मे लोक घावण्यांसाठीच यायचे हे मी तेव्हाही सांगत होतो. पुढे सगळी गाणी मोबाइलवरच मिळायला लागली, कानांत इअरफोनची बोंडं गेली आणि रविवार बंद पडले. नियम ग्रुपच्या माहितीत वर लिहिलेला राहिला. पाळणारा तू एकटाच उरलास. सोबतीला कुणी नसलं की वहिनींना हाक मारून बसवायचास, हे तूच मला सांगितलं होतंस.

आता भांडणावर येतो. गेल्या डिसेंबरात याच पोरांची पहिली तबकडी आली, चार गाण्यांची. तू पार्सलानं मागवलीस. मी घरी मोबाइलवर ऐकली, दहावीचे सराव पेपर तपासता तपासता. तू ग्रुपवर लिहिलंस, 'फार संथ, फार भारदस्त. गायकाचा आवाज खर्जातला, विहिरीत उतरून गायल्यासारखा. कुणाला कसली घाई नाही.' वाचून माझं डोकं फिरलं. अरे, गायक कुठला? विशीतली पोरगी आहे ती, आणि गाते म्हणजे किंचाळते. संथ कसलं? धावत सुटल्यासारखी चाल होती सगळी. मी लिहिलं, 'गायक नाही, गायिका आहे. कान गेलेत तुझे, दिन्या. जन्मभर मोटारींच्या घरघरीत बसल्यावर दुसरं काय होणार?'

अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. पाध्यांनी तर 'मास्तरांनी शून्य मार्क दिले' असं लिहून आणखी तीन टाकले. तुझं उत्तर एका ओळीचं होतं, 'हातखंब्याला येऊन ऐक.' मी लिहिलं, 'ऐकलंय.' त्या आठवड्यात तुझे दोन फोन आले. 'येऊन ऐक मेल्या, मग बोल काय ता.' मी म्हटलं, पेपर आहेत. तिसरा फोन मी उचललाच नाही. मला चुकीचं मत सहन होत नाही, आणि चुकीच्या मताला चिकटून बसणारा माणूस तर त्याहून होत नाही. मला वाटलं, तू हट्टाला पेटलायस. चूक कबूल करायची सोडून मला तिथं बोलावून चहा पाजून गोड बोलून मिटवणार. माझ्या वाढदिवसाला तुझा संदेश आला, त्यालाही मी नुसतं 'आभार' लिहिलं. रत्नागिरीहून हातखंबा म्हणजे एसटीनं अर्धा तास. अकरा महिन्यांत मला तो अर्धा तास मिळाला नाही.

मग वहिनींचा फोन आला, आणि मी आलो तेव्हा तुला ओटीवर ठेवलं होतं. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, मास्तर खंबीर आहेत. कसला खंबीर? माझं भांडण अजून चालूच होतं. तुझ्याकडे बघून मनात आलं, आता तर हा कधीच मान्य करणार नाही. इतका मी क्षुद्र आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितोय.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यात वहिनींचा परत फोन. 'भावोजी, पार्सल आलंय. त्यांनी मागवलेलं. मी काय फोडलं नाय. तुम्ही सगळी या, पूर्वी जमायचात तशी.' तो हा नवा अल्बम. तू आधीच नाव नोंदवून ठेवलेलं. नऊ जण आले. इतक्या वर्षांत नऊ जण एका वेळी आले नव्हते. तू जिवंत असताना आले असते तर वहिनींना पीठ कमी पडलं असतं.

तो सोहळा तू चुकवलास रे. पाध्यांनी तबकडी पुसायचा खास ब्रश आणला होता, चामड्याच्या पेटीतून. तबकडीचं वजन किती, ती कुठल्या कारखान्यात दाबली असेल, कडेची चमक कशी, यावर वीस मिनिटं परिसंवाद झाला. निनादनं पाकिटाचा वाससुद्धा घेतला. तबकडीच्या मधोमध गोल कागद असतो, त्यावर काय छापलंय ते मात्र नऊपैकी एकानंही वाचलं नाही. मीही वाचलं नाही. पेपराच्या दिवशी 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून वर्गावर ओरडणारा मी.

तुझ्या जुन्या प्लेअरवर तबकडी फिरायला लागली. ढोल असे आले, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस विचार करून घेईल. त्याच्यामागून तो लांबलचक, जड सूर. मग आवाज आला, पुरुषाचा, खूप खालचा. निनाद लगेच कुजबुजला, 'नवा गायक घेतलाय त्यांनी. ती मुलगी बँड सोडून गेली. मी वाचलंय कुठेतरी.' पाध्ये म्हणाले, 'बरं झालं. ती नकोच होती.' आणि दिन्या, मी मान हलवली. मला वाटलं, पोरं वर्षभरात शहाणी झाली. तिसऱ्या गाण्यात तो आवाज एका सुरावर थांबून राहिला आणि मला रडू फुटलं. तुझ्या ओटीवर आलं नाही ते तुझ्या दुकानात आलं, जळक्या मोटारींच्या मध्ये, ज्यांची मी जन्मभर टर उडवली त्या नऊ माणसांसमोर. वहिनी दारात घावण्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्या ताटासकट आत गेल्या.

त्याच संध्याकाळी सगळ्यांनी आपापली मतं लिहिली, ती तुला वर ऐकवलीच. माझं राहिलं होतं. तुझंही माझ्यावरच सोपवलेलं.

तीन आठवडे झाले, अल्बम ऑनलाइन आला. शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत बसून मी मोबाइलवर लावला आणि दचकलोच. तीच पोरगी! तीच किंचाळतेय, तीच धावपळ. गाणी तीच, पण सगळी मागे कुत्रं लागल्यासारखी. मला काही कळेना. ग्रुप उघडला तर तिथं आधीच निकाल लागलेला. निनाद लिहितो, 'ऑनलाइन आवृत्तीत तडजोड केलीय. जुन्या गायिकेला परत बोलावून सगळं नव्यानं ध्वनिमुद्रित केलेलं दिसतं. कंपनीचा दबाव असणार.' त्याखाली पाध्ये, 'डिजिटलमध्ये आत्मा हरवतोच. खरा अल्बम आपण ऐकला तो.' सात जणांचे अंगठे. एका माणसालाही शंका नाही. कोण कुठली कंपनी, कसला दबाव, पण बेधडक लिहून मोकळे. या लोकांना कान नसते तरी त्यांचं काही अडलं नसतं, मत असलं की झालं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तसा मी एसटीत बसलो आणि हातखंब्याला उतरलो. वहिनी दुकानात एकट्या होत्या. मोटारींना बांधलेल्या चिठ्ठ्या वाचून कुणाची कुठली ते लावत होत्या, माणसं येऊन आपापल्या घेऊन जायची होती. मी तबकडी काढून उजेडात धरली. मधल्या कागदावर, चंद्राच्या चित्राखाली बारीक अक्षरांत छापलेलं: मिनिटाला पंचेचाळीस फेरे.

मग तुझ्या प्लेअरचं झाकण उचललं आणि सगळं आठवलं. जुनी मोटर जळली तेव्हा तू तुझ्या हातानं तार गुंडाळून भरलेली मोटर त्यात बसवलीस, पितळेची पुलीही लेथवर स्वतःच कातलीस. दोन वेगांसाठी पुलीला दोन पायऱ्या लागतात, पट्टा एकीवरून दुसरीवर सरकवायचा. तू एकच पायरी ठेवलीस, मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची. आपल्याकडच्या सगळ्या तबकड्या तेहेतीसच्याच. मी तेव्हा शेजारी बसून म्हटलं होतं, 'एक पुरे रे, पंचेचाळीस कोण ऐकतंय?' तुझ्या प्लेअरवर पंचेचाळीसची तबकडी सावकाशच फिरणार, ढोल जड होणार, पोरीचा पुरुष होणार.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? आनंद. निखळ आनंद. अंतराळयात्रीचा आत्मा, सत्तरची ऊब, कंपनीचा दबाव, सगळ्यांचा निकाल एका ओळीत. तिथंच उभ्यानं मी ग्रुपवर टाकायचं पहिलं वाक्यही मनात तयार केलं, 'विद्वानांनो, तबकडीवर काय छापलंय ते वाचायची तसदी…' इतकं झालं आणि फळीवर गेल्या वर्षीची ती चार गाण्यांची तबकडी दिसली. काढून बघितली. तिच्यावरही पंचेचाळीस.

म्हणजे तू जे ऐकलंस ते संथच होतं. गायकच होता, खर्जातलाच. तू लिहिलेला शब्द न् शब्द बरोबर होता, आणि मी गावासमोर तुझे कान काढले. त्याच प्लेअरवर तसंच ऐकून मी आता रडलो होतो आणि त्याला शहाणपणा म्हणत होतो.

'वहिनी,' मी विचारलं, 'याचा वेग चुकीचा आहे, हे दिन्याला कधी कळलंच नसेल ना?'

वहिनींनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. 'कळलं नाय तर काय, भावोजी! आवाजावरनं मोटारीचे फेरे सांगणारा माणूस तो. पहिल्याच दिवशी कळलं. इतके हसले, इतके हसले, की मी तव्यावरचं टाकून बघायला आले, काय झालं म्हणून.'

'मग?'

'मला म्हणाले, कुणाला बोलू नको हां. मास्तराला बोलावतो. त्याच्यासमोर लावतो आणि म्हणतो, काय बुवा गातोय बघ. तो वाद घालेल, लालबुंद होईल, मग सांगूया. दर रविवारी काढून ठेवायचे ती तबकडी. आज येतोय बघ, म्हणायचे.'

मी म्हटलं, 'मी ग्रुपवर लिहिलं होतं ते वाचलं त्यानं?'

'वाचलं. मला दाखवलंन. मी म्हटलं, मग सांगून टाका ना तिथंच, कान बघा म्हणावं कुणाचे गेले. तर म्हणाले, छे, एवढ्या लोकांत त्याची फजिती कशाला? आला की सांगू.' त्यांनी परत चिठ्ठी उचलली. 'थोडं लागलं असेल त्यांना. पण बोलले नायत.'

दिन्या, एक ओळ लिहायची होतीस. 'मास्तर, तबकडी पंचेचाळीसची आहे.' बास. अकरा हसरे चेहरे फिरून माझ्यावर आले असते, मी दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी शिव्या घालत तुझ्याकडे आलो असतो. भांडण तिथंच संपलं असतं. तू ते केलं नाहीस. 'गायक' हा शब्द तू माझ्यासाठी गळाला लावला होतास, आणि मी गळ दिसताच हसत येण्याऐवजी लोकांसमोर तुला टोचून निघून गेलो. तरी तू मला वाचवलंस. मी मात्र त्याच दुकानात, तुझ्या मागे, नऊ जणांची फजिती करायला मिनिटही घेतलं नव्हतं. मला तुझा भयंकर राग आला. एवढा चांगला कशाला राहिलास रे? थोडा नीच झाला असतास तर माझे अकरा महिने वाचले असते.

मी गेल्या वर्षीची तबकडी लावली. वहिनींना म्हटलं, बसा, नियम आहे. त्या मोटारींच्या बाजूला फळीवर बसल्या. ढोल आले आणि मग तो बुवा गायला लागला, एका विशीतल्या पोरीच्या पोटातून आलेला, झोपेत असल्यासारखा. पहिल्या शब्दालाच मला हसू फुटलं. वहिनी म्हणाल्या, 'हां, हितंच. हितंच ते हसायचे.' मग आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघांनाही हसणं आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

निनादला आणि पाध्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगावंसं फार वाटतं. काल निनादनं 'तबकडीतली खरी गती आणि आधुनिक माणूस' असा एक लेखच टाकलाय, चार भागांत, आणि त्यात दोन ठिकाणी तुझं नाव घेतलंय. वाचताना हात शिवशिवले. पण एवढ्या लोकांत त्याची फजिती नको. कधी हातखंब्याला आला तर सांगेन.

तुझं मत मात्र मागत होते, रोज मागत होते. आज लिहिलं. दोनदा खोडलं, मग लिहिलं: 'दिनेशचं मत मला माहीत नाही. त्यानं ऐकायला बोलावलं होतं. मी गेलो नाही.'